कोड खुला, मग लोगो कोणाचा?

ओपन सोर्स प्रकल्पाला लोगो करायचा ठरला की पहिली चर्चा रंगाची होते. हक्काची चर्चा सगळ्यात शेवटी होते, आणि बरेचदा होतच नाही. चेन्नईतल्या वेस्ट मांबलममध्ये राहून मी अशा प्रकल्पांसाठी चिन्हं काढतो. नोकरी सांभाळून मुलंमुली हे छोटे प्रकल्प चालवतात. हाताशी पैसा नसतो, पण उत्साह दांडगा असतो. त्यांच्याकडून त्याच त्या समजुती पुन्हा पुन्हा ऐकायला मिळतात. काही निरुपद्रवी असतात, पण काहींमुळे पुढे प्रकल्पाचं नावच बदलण्याची पाळी येऊ शकते.

“कोड खुला आहे, म्हणजे लोगोही आपोआप खुला.”

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. कोडचा परवाना कोडपुरता असतो. अपाची परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीतलं सहावं कलम स्पष्ट सांगतं की या परवान्याने नाव आणि ट्रेडमार्क वापरण्याची मुभा मिळत नाही. जीपीएल या परवान्याची तिसरी आवृत्तीही सातव्या कलमात ट्रेडमार्कचे हक्क राखून ठेवू देते. मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्ट या व्यवसायासाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड याच जीपीएलखाली आहे. तो कोणीही उतरवून घ्यावा, बदलावा, त्यावर धंदाही करावा. मात्र ‘ईआरपीनेक्स्ट’ हे नाव आणि त्याचा लोगो फ्रापे कंपनीच्या ट्रेडमार्क धोरणानुसारच वापरावा लागतो. मला यात विसंगती दिसत नाही. कोडमध्ये कोणी काहीही बदल करून तेच चिन्ह वर लावलं, तर बिघाडाचा दोष मूळ लोकांच्या माथी येतो. कोड खुला ठेवण्याचं धाडस करता येतं, त्यामागे चिन्हाची ही राखण असते.

याची सगळ्यात गाजलेली कथा फायरफॉक्स या ब्राउझरची. २००४ मध्ये त्याला पृथ्वीभोवती वेटोळं घातलेला कोल्हा मिळाला, पण ते चित्र मुक्त परवान्याखाली नव्हतं. डेबियन या लिनक्स प्रणालीवाल्यांच्या नियमात ते बसेना. त्यांनी कोल्हा काढून टाकला आणि नाव तेच ठेवलं. २००६ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने कळवलं की नाव हवं असेल तर लोगोही लावा आणि तुमचे बदल आमच्याकडून मंजूर करून घ्या. डेबियनने नाव बदलून ‘आइसवीझल’ केलं. पुढे दोन्ही बाजूंनी मिटवून २०१६ मध्ये फायरफॉक्स हे नाव परत आणलं. दोन्हीकडची माणसं मुक्त सॉफ्टवेअरचीच होती, तरी दहा वर्षं गेली.

डेबियनने स्वतःच्या घरी काढलेला तोडगा मला फार आवडतो. त्यांचे लोगो दोन आहेत. लाल भोवऱ्याचा लोगो खुल्या परवान्याखाली आहे, तो टी-शर्टवर छापा, स्टिकर करा. तोच भोवरा बाटलीतून निघताना दाखवलेला दुसरा लोगो मात्र डेबियनच्या अधिकृत कामासाठी राखीव आहे. प्रेमाने मिरवायला एक, अधिकृतपणाची खूण म्हणून दुसरा. सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या इथल्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली, तीही डेबियनवर उभी आहे. कोड डेबियनचा घेतला, नाव आणि चिन्ह स्वतःचं लावलं. रीत हीच आहे.

“क्रिएटिव्ह कॉमन्स लावलं की प्रश्न मिटला.”

अर्धाच मिटतो. चित्राची नक्कल करण्याचा हक्क हा कॉपीराइटचा विषय. ते चित्र लावून ‘हे त्यांचंच आहे’ असं भासवणं हा ट्रेडमार्कचा विषय. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यांच्या चौथ्या आवृत्तीतच लिहिलं आहे की ट्रेडमार्कचे हक्क यात दिलेले नाहीत. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचा लोगो जेसन लाँग यांनी काढला आणि तो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आहे. पण ‘गिट’ हा ट्रेडमार्क सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या संस्थेकडे आहे आणि तो कसा वापरावा याचे नियम वेगळे आहेत. लहान प्रकल्पानेही दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात: चित्राचा परवाना, आणि नाव-चिन्ह कोणी कुठे लावावं याबद्दल चार सरळ वाक्यं.

“मित्राने फुकट काढून दिला, म्हणजे तो आपला झाला.”

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीचा भाग नसलेल्या आणि मोबदला न घेता काढलेल्या चित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो. ‘वापर रे’ असं तोंडी म्हटल्याने हक्क हस्तांतरित होत नाही. कलम १९ नुसार त्यासाठी लेखी कागद आणि देणाऱ्याची सही लागते. त्यातही एक खाच आहे. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. इंटरनेटवर जगभर पसरणाऱ्या प्रकल्पाला हे परवडणारं नाही. म्हणून कागदावर ‘जगभर’ आणि ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द हवेतच. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या मसुद्यात हे दोन्ही आधीच असतं, हा त्याचा मोठा फायदा. आणि लोगो काढणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत, कोड लिहिणाऱ्यांच्या शेजारीच, यायला हवं. ते बहुतेक ठिकाणी राहून जातं आणि मला त्याचं वाईट वाटतं.

“स्पर्धा घेतली की उत्तम लोगो मिळतो.”

कधी मिळतो. डेबियनचा भोवरा राउल सिल्व्हा यांचा, १९९९ च्या स्पर्धेतून आलेला. पण लिनक्सचा पेंग्विन, टक्स, लॅरी युइंग यांनी १९९६ मध्ये गिम्प हे चित्रं काढण्याचं सॉफ्टवेअर वापरून काढला आणि स्पर्धेत तो जिंकला नाही. लोकांनीच तो उचलला. श्रेय द्या आणि हवा तसा बदला, एवढीच युइंग यांची अट होती. म्हणून तो खेळण्यांत, पाठ्यपुस्तकांत, सगळीकडे शिरला.

“पीएनजी आहे ना, झालं की मग.”

पीएनजी म्हणजे ठिपक्यांचं चित्र. फ्लेक्सवर मोठं केलं की कडा दातेरी होतात. लोगोची मूळ फाइल एसव्हीजी हवी आणि ती सगळ्यांना मिळायला हवी. कोड खुला म्हणायचा आणि लोगोची बदलता येणारी फाइल एकाच्याच लॅपटॉपवर, हे मला पटत नाही.

पण एसव्हीजीतही भारतीय लिप्यांचा घोळ असतो. समजा इंकस्केप या एसव्हीजी काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी नाव टाइप करून फाइल तशीच जतन केली आणि पेनड्राइव्ह घेऊन स्टिकरच्या दुकानात गेलात. त्या संगणकावर तो फाँट नाही. पडद्यावर दुसराच फाँट उमटतो, जुनं सॉफ्टवेअर असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं हलंत होऊन सुटी पडतात. दुकानदार तमीळभाषक, त्याला त्यात काही चुकलेलं दिसत नाही, आणि शंभर स्टिकर तसेच छापून येतात. उपाय सोपा आहे. अक्षरं निवडून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, म्हणजे शिफ्ट-कंट्रोल-सी. अक्षरांच्या आकृत्या होतात, फाँटची गरज उरत नाही. मात्र आकृत्या झाल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून जिवंत अक्षरांची प्रतही सोबत ठेवायची.

फाँटही परवाना पाहूनच घ्यावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाचा ‘मुक्त’ हा फाँट ‘ओपन फाँट’ परवान्याखाली आहे, आणि त्याच घराण्यात तमीळसाठी ‘मुक्त मलर’ आहे. ज्या प्रकल्पाचं नाव दोन्ही लिप्यांत लिहायचं, त्याला याहून सोयीचं काय? या परवान्याचा फाँट लोगोत वापरला म्हणून लोगो त्या परवान्याखाली जात नाही, ही भीतीही काढून टाकावी.

आणि चिन्ह सोळा पिक्सेलच्या चौकोनात घालून पाहावं. ब्राउझरच्या टॅबवर ते एवढंच दिसतं. बारीक रेघा, सावल्या, दातेरी चाकं, महिरपी कंस तिथे नुसता डाग होतात.

“आम्हाला ट्रेडमार्क कशाला? आम्ही धंदा करत नाही.”

लिनक्सवाल्यांनाही नोंदणीची घाई वाटली नव्हती. १९९४ मध्ये अमेरिकेत एका भलत्याच माणसाने ‘लिनक्स’ या नावासाठी अर्ज केला, नोंदणी मिळवली आणि मग हक्क सांगायला सुरुवात केली. वाद होऊन १९९७ मध्ये ते नाव लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याकडे आलं.

टीएम हे अक्षरचिन्ह नोंदणीशिवाय लावता येतं. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. आधी लावायला कायद्याने मनाई आहे. आपल्याकडे आधीपासूनच्या वापरालाही संरक्षण आहे, म्हणून नाव केव्हापासून वापरात आहे याचे पुरावे जपावेत. नोंदणीचं चेन्नईचं कार्यालय गिंडीला आहे, मांबलमहून लोकलने दुसरं स्टेशन, पण अर्ज ऑनलाइनच भरणं स्वस्त पडतं: व्यक्तीला दर वर्गामागे ४,५०० रुपये, ट्रस्ट किंवा सोसायटीला ९,००० रुपये. सॉफ्टवेअर नवव्या वर्गात येतं. नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण.

निम्मी फी बघून एकाच्या नावावर अर्ज करण्याचा मोह होतो. तो माणूस प्रकल्प सोडून गेला तर चिन्ह त्याच्याबरोबर जातं. डेबियनने त्यासाठी सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था पुढे ठेवली. आपल्याकडे छोट्या गटाला लगेच संस्था काढणं जमत नसेल, तर एकाच्या नावावर अर्ज करावा. मात्र संस्था झाल्यावर चिन्ह तिच्या नावे करून देईन, असं त्याच दिवशी त्याच्याकडून लिहून घ्यावं.