घरगुती ध्वनिमुद्रणातील आभासी ड्रमवादक : स्वरूप आणि प्रारंभिक वापर

प्रस्तावना

संगीताचे ध्वनिमुद्रण ही एके काळी मोठ्या शहरांतील स्टुडिओंची मक्तेदारी होती. वैयक्तिक संगणक आणि ऑडिओ इंटरफेस यांमुळे ती मोडली. आज गायन, संवादिनी अथवा गिटार यांचे मुद्रण घरातील एका खोलीत एक-दोन मायक्रोफोनच्या साहाय्याने समाधानकारक रीतीने करता येते. ड्रम किटच्या बाबतीत मात्र ही सोय अपुरी पडते. बेस ड्रम, स्नेअर, टॉम, हाय-हॅट आणि सिंबल यांसाठी मिळून सात-आठ मायक्रोफोन लावावे लागतात, खोलीचा नाद अनुकूल असावा लागतो आणि शेजाऱ्यांची सहनशीलता त्याहूनही अनुकूल असावी लागते. शिवाय तालुक्याच्या गावी उत्तम ड्रमवादक सहजासहजी उपलब्ध होत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी जी सॉफ्टवेअर वापरली जातात त्यांना ‘आभासी ड्रमवादक’ असे म्हणता येईल. हे साधन वापरूनही अनेक नवोदितांचे मुद्रण यांत्रिक का वाटते, याचा विचार प्रस्तुत लेखात मुख्यतः केला आहे.

पूर्वपीठिका

इ.स. १९८० मध्ये रॉजर लिन यांनी ‘एलएम-१’ हे यंत्र बाजारात आणले. खऱ्या ड्रमच्या आघातांचे डिजिटल मुद्रण साठवून ते वाजविणारे हे पहिले ड्रम यंत्र होय. त्या काळी स्मृतिसाठा इतका महाग होता की, ज्यांचा नाद बराच वेळ रेंगाळतो अशा क्रॅश आणि राइड सिंबलना त्यात स्थानच नव्हते. पुढे १९८३ मध्ये मिडी ही संकेतप्रणाली आली. मिडीमध्ये ध्वनी नसतो. कोणता सूर, केव्हा आणि किती जोराने वाजवावा एवढीच आज्ञा असते. १९९९ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीच्या व्हीएसटी या प्रणालीत वाद्यांचाही समावेश झाला आणि वाद्य हे संगणकातील मुद्रण-सॉफ्टवेअरच्या आत बसणारे प्लग-इन बनले. त्यानंतर बीएफडी (२००३), ईझीड्रमर (२००६) इत्यादी स्वतंत्र ड्रम-संग्रह आले. २०१३ मध्ये ॲपलच्या लॉजिक प्रो एक्समध्ये ‘ड्रमर’ ही सोय आली. तीत वादनशैली निवडून, वादन किती दाट आणि किती जोरकस हवे एवढे सांगितले की सॉफ्टवेअर स्वतःच साथ रचते.

आघातांचा संग्रह

आभासी ड्रमवादकाचा गाभा म्हणजे खऱ्या वादकाने खऱ्या खोलीत केलेल्या हजारो सुट्या आघातांचा संग्रह होय. एकच स्नेअर अगदी हलक्या स्पर्शापासून पूर्ण जोराच्या आघातापर्यंत अनेक पायऱ्यांवर मुद्रित केलेला असतो. मिडीमध्ये आघाताची तीव्रता १ ते १२७ या अंकांत मोजतात व त्या अंकानुसार सॉफ्टवेअर योग्य पायरीवरील नमुना निवडते. हलका आघात म्हणजे जोराच्या आघाताचा आवाज कमी करणे नव्हे. त्याचा नादच वेगळा असतो. तबल्यावर किनारीचा हलका ‘ना’ आणि जोराचा ‘ना’ ऐकणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. एकाच तीव्रतेचे अनेक नमुने आळीपाळीने वाजविण्याचीही व्यवस्था चांगल्या संग्रहांत असते. ती नसेल तर जलद वादनात तोच नमुना पुनःपुन्हा वाजून टाइपरायटरसारखा खडखडाट ऐकू येतो.

याचा अर्थ असा की, हे सॉफ्टवेअर आघात पुरविते. साथ पुरवीत नाही. संग्रहात तयार लूप असतात हे खरे. परंतु गाण्याच्या कोणत्या जागी कोणता ठेका घ्यावा आणि कोठे गप्प बसावे, हा निर्णय वापरणाऱ्यालाच घ्यावा लागतो. अगदी स्वयंरचित साथ असली तरी ती पारखणारा कान दुसऱ्या कोणाचा नसतो.

आवश्यक सिद्धता

आरंभी खर्च करण्याची गरज नाही. मॅक संगणकावर गॅरेजबँड विनामूल्य मिळते आणि त्यात ड्रमवादकाची सोय अंतर्भूत आहे. विंडोज वापरणाऱ्यांना रीपरसारखे मुद्रण-सॉफ्टवेअर ६० दिवस चाचणीसाठी वापरता येते. त्यात ‘एमटी पॉवर ड्रम किट’ हे विनामूल्य प्लग-इन बसविता येते. किट ऐकण्यासाठी बंद कानांचे हेडफोन घ्यावेत. लॅपटॉपच्या स्पीकरमधून बेस ड्रम जवळजवळ ऐकूच येत नाही.

मिडी कीबोर्डवरून आघात वाजवावयाचे असल्यास विलंबाचा प्रश्न उद्भवतो. बटण दाबणे व ध्वनी ऐकू येणे यांतील अंतर बरेचसे बफरच्या आकारावर अवलंबून असते. मुद्रणाचा दर सेकंदाला ४४,१०० नमुने असताना २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.८ मिलिसेकंदांचा, तर १०२४ नमुन्यांचा बफर सुमारे २३ मिलिसेकंदांचा विलंब घडवितो. ध्वनी हवेतून तेवढ्या वेळात अनुक्रमे दोन आणि आठ मीटर जातो. म्हणजे दुसऱ्या स्थितीत ड्रम जणू मोठ्या सभागृहाच्या पलीकडील भिंतीशी ठेवलेला असतो. म्हणून वादन करताना बफर लहान ठेवावा व मिश्रण करताना वाढवावा. विंडोजवर याकरिता आसिओ ड्रायव्हर आवश्यक ठरतो.

प्रत्येक आघाताला एक क्रमांक असतो. १९९१ च्या जनरल मिडी संकेतानुसार बेस ड्रम ३६, साइड-स्टिक ३७, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट ४२, उघडा हाय-हॅट ४६, क्रॅश ४९ व राइड ५१ असे क्रमांक आहेत. येथे एक घोटाळा नेहमी होतो. ३६ या क्रमांकाला काही कंपन्या ‘सी १’ म्हणतात, तर काही ‘सी २’. प्रस्तुत लेखकाची एक अख्खी संध्याकाळ या दोहोंतील फरक न कळल्याने वाया गेली होती. नावापेक्षा क्रमांकावर विश्वास ठेवणे बरे.

ठेका आणि किट

मराठी भावगीताच्या मुद्रणात तयार लूप वापरताना खरी अडचण तालाची येते. बहुतेक लूप चार मात्रांच्या पाश्चात्त्य चौकटीत असतात व केरव्याशी त्यांचे बरे जमते. दादऱ्यासाठी ६/८ चा लूप घेण्याची पद्धत आहे. परंतु त्यात पहिल्या मात्रेवर बेस ड्रम आणि चौथ्या मात्रेवर जोरदार स्नेअर असतो. दादऱ्याची खाली चौथ्या मात्रेवर! ज्या जागी तबलावादक डग्गा हलका करतो, नेमक्या त्याच जागी सर्वांत मोठा आघात बसतो आणि गाणे जड होते. अशा वेळी चौथ्या मात्रेवरील स्नेअर काढून त्या जागी साइड-स्टिक, म्हणजे ३८ ऐवजी ३७, ठेवावी. रूपकात हा विरोध अधिकच तीव्र होतो. रूपकाची सम खालीवर येते आणि डग्ग्याचा भरीव नाद चौथ्या व सहाव्या मात्रेवर असतो. ७/८ चा तयार लूप मात्र सहसा बेस ड्रमने सुरू होतो. येथे पहिल्या मात्रेवर केवळ बंद हाय-हॅट ठेवून बेस ड्रम चौथ्या व सहाव्या मात्रेवर नेणे इष्ट. संपूर्ण ठेका हाताने लिहिण्यास दहा मिनिटे लागतात. चुकीचा लूप सुधारण्यास अधिक वेळ लागतो.

यांत्रिकपणाची कारणे

पहिले कारण सर्व आघात एकाच तीव्रतेचे असणे. हाय-हॅटचे आघात १०० या एकाच अंकावर न ठेवता मुख्य मात्रेवर ९०-९५ आणि मधल्या जागी ५५-७० असे ठेवून पाहावे; एवढ्यानेच ठेका चालू लागतो. दुसरे कारण क्वान्टाइझ या सोयीचा अतिरेक. मिनिटाला ९० मात्रांच्या लयीत एक मात्रा सुमारे ६६७ मिलिसेकंदांची असते. मानवी वादक त्या रेषेच्या काही मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे राहतो. स्नेअर सातत्याने आठ-दहा मिलिसेकंद मागे ठेवल्यास लय निवांत वाटते. सर्व आघात यदृच्छेने विखुरणारी ‘ह्यूमनाइझ’ ही सोय मात्र जपून वापरावी, कारण वादकाची च्युती यादृच्छिक नसते. तिला त्याच्या हाताचे वळण असते.

तिसरे कारण गमतीचे आहे. ड्रमवादकाला दोन हात आणि दोन पाय असतात. नवोदित मात्र उत्साहाच्या भरात हाय-हॅट, स्नेअर, टॉम व क्रॅश एकाच क्षणी वाजवितात, ज्याला चार हात लागतील. भरणा, म्हणजे ज्याला फिल म्हणतात तो, घेताना हाय-हॅट थांबला पाहिजे, कारण तोच हात टॉमवर गेलेला असतो. आणि भरणा प्रत्येक ओळीअखेर नको. ध्रुवपदातून अंतऱ्याकडे जाताना एक पुरेसा होतो.

मुद्रणाचा क्रम

प्रथम क्लिकवर गायनाचा कच्चा आराखडा मुद्रित करावा, त्यावर साधा ठेका लिहावा, नंतर अंतिम गायन घ्यावे आणि गायन ऐकत ठेक्यातील आघात कमी करीत जावे. शब्द जेथे दाट आहेत तेथे राइड सिंबल व्यंजनांवर चढते. तेथे बंद हाय-हॅटवर परत यावे. बेस ड्रम, स्नेअर आणि खोलीचा नाद शक्य तर वेगवेगळ्या वाहिन्यांवर काढावेत. खोलीच्या नादाची वाहिनी भावगीतात पुष्कळ खाली ठेवावी लागते, कारण संग्रहातील खोली बहुधा रॉक संगीतासाठी निवडलेली असते.

काम संपल्यावर ध्वनीबरोबर मिडी फाइलही जपून ठेवावी. पुढे कधी प्रत्यक्ष ड्रमवादक लाभला, तर त्याला हीच फाइल आराखडा म्हणून देता येते. तो तीतील अर्धे आघात गाळील आणि अंतऱ्याआधीची जागा बहुधा निराळ्या रीतीने घेईल.