रोजच्या कॅमेऱ्याला लेन्स कोणती?

मिररलेस कॅमेरा घेतला की पुढचा सल्ला ठरलेला असतो: किटमधला झूम बाजूला ठेवा आणि एफ/१.२ किंवा एफ/१.४ची प्राइम घ्या. ॲपर्चरचा आकडा जितका लहान तितकी लेन्स सरस, हा समज त्यामागे आहे. पोर्ट्रेट किंवा लग्नाचे काम करणाऱ्यांच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. पण ज्याला कॅमेरा रोज खांद्यावर हवा आहे, त्याने आधी लेन्सचे वजन पाहावे, मग दृश्यकोन, मग ती किती जवळून फोकस करते ते. ॲपर्चरचा विचार त्यानंतर. हा क्रम उलटा वाटेल, पण आकडे त्याच्याच बाजूचे आहेत.

निकॉनची झेड ५० मिमी एफ/१.२ लेन्स १०९० ग्रॅमची आहे आणि त्याच माउंटची ४० मिमी एफ/२ अवघी १७० ग्रॅमची. ५० मिमीला एफ/१.२ मिळवायचे तर प्रकाश आत येण्याची वाट सुमारे ४२ मिमी रुंद लागते; ४० मिमी एफ/२ला २० मिमी पुरते. काच त्या प्रमाणात वाढते आणि इतक्या रुंद वाटेतून येणाऱ्या किरणांचे दोष काढायला आणखी काच लागते. एवढे वजन वाहून प्रकाश किती जास्त मिळाला? एफ/२च्या तिपटीपेक्षाही कमी. याउलट अनेक किट झूम लांब टोकाला एफ/५.६वर येतात, तिथून एफ/२वर आलात की प्रकाश जवळजवळ आठपट होतो. म्हणजे खरी उडी झूमकडून साध्या, लहान प्राइमकडे येतानाच पडते. पुढचा टप्पा महाग, जड आणि मानाने छोटा. शिवाय फुल फ्रेमवर ५० मिमी एफ/१.२ने एक मीटरवरचा चेहरा टिपला तर स्पष्ट भाग जेमतेम तीन सेंटीमीटर खोल असतो: डोळा नेमका, कान धूसर. रस्त्यावरच्या किंवा घरातल्या फोटोत आजूबाजूचेही दिसायला हवे असते, म्हणून छायाचित्रकार शेवटी एफ/२.८ ते एफ/४वरच येतो.

यावर रास्त आक्षेप असा, की रात्री घरात धावणाऱ्या मुलाचे काय? कॅमेऱ्यातले स्टॅबिलायझेशन हाताचा कंप आवरते, मुलाची धाव नाही. तिथे शटरचा वेग हवा आणि त्यासाठी प्रकाश. हे मान्यच आहे. पण त्याचे उत्तर एक किलोची लेन्स हे नव्हे. कॅननची आरएफ ५० मिमी एफ/१.८ केवळ १६० ग्रॅमची आहे, आणि उरलेली कसर आयएसओ थोडा वाढवून भरून काढता येते. आजच्या सेन्सरवर आयएसओ ३२००ला घाबरण्याचे कारण नाही.

आरसा गेला म्हणून लेन्स आपोआप लहान झाल्या, हाही एक गोड गैरसमज. कॅननच्या ईएफ माउंटमध्ये माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर ४४ मिमी होते, आरएफमध्ये ते २० मिमी आहे. तरीही दोन्ही पिढ्यांच्या ५० मिमी एफ/१.८चे वजन जवळपास सारखेच. या जवळिकीचा मोठा फायदा वाइड लेन्सना होतो; म्हणूनच आरएफ २८ मिमी एफ/२.८ १२० ग्रॅममध्ये बसते. अशा काही लेन्सच्या फोटोतली वक्रता सॉफ्टवेअर सरळ करते, आणि ही लबाडी आहे असे शुद्धतावादी म्हणतात. कोपरे त्यात थोडे ताणले जातात हे खरे, पण निवाडा तयार फोटोवरून करावा.

‘५० मिमी म्हणजे माणसाची नजर’ हे वाक्य तर फिल्मच्या काळापासून चालत आले आहे. आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी लायकावर प्रामुख्याने ५० मिमी वापरली, त्यामुळे त्याला वजनही आले. ‘नॉर्मल’ लेन्स मात्र सेन्सरच्या कर्णाएवढी धरतात आणि फुल फ्रेमवर तो सुमारे ४३ मिमी आहे; १.५ क्रॉपच्या एपीएस-सी कॅमेऱ्यावर तीच ५० मिमी ७५ मिमीसारखी वागते. दहा बाय दहाच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते, तरी कुटुंब फ्रेममध्ये मावत नाही. ‘मग पायांनी झूम करा’ हा सल्लाही अर्धवट. उभे राहण्याची जागा बदलली की चेहरा आणि मागची भिंत यांचे प्रमाणच बदलते, कारण पर्स्पेक्टिव्ह अंतरावर ठरतो, फोकल लेन्थवर नाही. आपल्याला कोणता कोन रुचतो हे किट झूमने काढलेले जुने फोटोच सांगतात: त्यांच्या माहितीत फोकल लेन्थ नोंदलेली असते.

फोकसच्या अंतराकडे तर क्वचितच कोणी पाहतो. सोनीची ५० मिमी एफ/१.८ ४५ सेंटीमीटरच्या आत फोकस करत नाही. सोनीचीच १७३ ग्रॅमची ४० मिमी एफ/२.५ लेन्स ऑटोफोकसवर २८ सेंटीमीटरपर्यंत जाते. पुढ्यातल्या ताटाचा फोटो बसल्या जागी येणार की खुर्ची मागे सरकवावी लागणार, ते यावर ठरते.

पहिलीच प्राइम घ्यायची असेल तर फुल फ्रेमवर ४० मिमी घ्या. फुजीसारख्या एपीएस-सीवर २७ मिमी, जी वजनाला ८४ ग्रॅम आहे आणि तोच कोन देते. मुलांचे रात्रीचे फोटो हाच मुख्य विषय असेल तर एफ/१.८ची एखादी हलकी लेन्स निवडा. एफ/१.२चे पैसे मात्र एवढ्यात खर्चू नका.