ऊन वाढले, मग कोळसा का घटला नाही?

२०१६ च्या सुमारास एका तालुक्याच्या वाचनालयात मी सौरऊर्जेवर भाषण केले होते. माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. वीज कळते ती हाताने, आणि हवामानाचे शास्त्र मिळेल ते वाचून, चुकत चुकत शिकलेले. त्या दिवशी मी फळ्यावर एक सोपे गणित मांडले. आपल्या देशातल्या ग्रिडमधून १ युनिट वीज घेतली की सुमारे ८०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे सूर्यापासून जितकी युनिटे काढू तितक्या पटीने कार्बन वाचला. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षकांनी विचारले, "तुमच्या हिशेबाने कोळसा कमी जळायला हवा. दरवर्षी जास्त का जळतो?"

मी काहीतरी सारवासारव केली. घरी आल्यावर झोप लागली नाही. हा लेख त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

शिक्षकांचे बरोबर होते. देशातले कोळशाचे उत्पादन २०१४-१५ मध्ये सुमारे ६१ कोटी टन होते. २०२४-२५ मध्ये ते १०४ कोटी टनांच्या पुढे गेले. याच दशकात मोठी जलविद्युत सोडून सौर, पवन वगैरे अक्षय स्रोतांची वीज वर्षाला सुमारे ६० अब्ज युनिटांवरून अडीचशे अब्ज युनिटांपर्यंत वाढली. ऊन वाढले, वारा वाढला आणि कोळसाही वाढला.

माझी चूक एका शब्दात होती: 'वाचला'. कार्बन वाचतो तो कोळशाची वीज खरोखर बाजूला सारली गेली तरच. नवी वीज जुन्या विजेच्या जागी आली, की तिच्या शेजारी येऊन बसली, हे माझ्या गणितात कुठेच नव्हते. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ रिचर्ड यॉर्क यांनी २०१२ साली जगातल्या बहुतेक देशांची सुमारे ५० वर्षांची आकडेवारी तपासून नेमका हाच प्रश्न विचारला होता. उत्तर निराश करणारे निघाले. बिगर-जीवाश्म स्रोतांपासून मिळालेल्या प्रत्येक एककाने जीवाश्म इंधनाचे पाव एककसुद्धा हटवले नव्हते. फक्त विजेपुरते पाहिले तर एक दशांशही नाही. मात्र त्या अभ्यासाचा काळ स्वस्त सौर पॅनेलच्या आधीचा, म्हणून तो आकडा आजच्या तोंडावर फेकणे अन्यायाचे होईल. प्रश्न तेवढा टिकून आहे.

आपल्याकडे असे का झाले, याचे पहिले उत्तर लाजिरवाणे नाही. २०१३-१४ मध्ये भारतात दरडोई विजेचा वापर वर्षाला ९५७ युनिट होता, २०२३-२४ मध्ये १,३९५ झाला. या वाढीत कुणाच्या घरी पहिला पंखा आला, कुणाच्या गावात पिठाची गिरणी दिवसभर चालू लागली. ज्या घरात कंदील होता तिथे दिवा लागला तर हटवायला कोळसा होताच कुठे? रॉकेल हटले. श्रीमंत देशात विजेची मागणी जवळपास थांबलेली असते, त्यामुळे नव्या पवनचक्कीला जुन्या बॉयलरचीच जागा घ्यावी लागते. आपल्याकडे पंगत वाढतच आहे आणि नवा वाढपी आला म्हणून जुन्याला कुणी घरी पाठवत नाही. भारताचे दरडोई उत्सर्जन वर्षाला २ टनांच्या आसपास आहे, अमेरिकेचे त्याच्या सहा-सात पट. हे विसरून केलेली चर्चा मला ऐकवत नाही.

दुसरे उत्तर मेगावॅटच्या मोहात आहे. २०२५ च्या मध्यावर देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी बिगर-जीवाश्म झाली, अशी बातमी आली. खरीच आहे. पण स्थापित क्षमता म्हणजे मोटारीवरच्या पट्टीवर कोरलेला एचपी. मोटार चालली किती तास? १ मेगावॅट सौर प्रकल्प वर्षाला साधारण १५ ते १७ लाख युनिट देतो. १ मेगावॅट कोळसा, संच बऱ्यापैकी चालला तर, साठ लाखांच्या घरात. म्हणून क्षमतेत निम्मा वाटा असूनही प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या पुढेच आहे.

तिसरे उत्तर घड्याळात आहे, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. दुपारी बाराला पॅनेल ऐन भरात असते. संध्याकाळी सातला घराघरात दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात तेव्हा ते शून्यावर. ती संध्याकाळ कोळसा सांभाळतो, आणि संध्याकाळी हजर राहायचे म्हणून दुपारीही त्याला मंद आचेवर जळत राहावे लागते. औष्णिक संच स्टार्टरचे बटण दाबल्यासारखा बंद-चालू होत नाही. बॉयलर थंड करून पुन्हा तापवायला तास-तास लागतात.

पाटण तालुक्यात हे सगळे एका नजरेत दिसते. वर वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या, खाली कोयना. पवनचक्क्या जोरात फिरतात जून ते ऑगस्ट, नैर्ऋत्य वाऱ्यांवर. म्हणजे शेतातले पंप बंद असतात तेव्हा. पंप सुरू होतात दिवाळीनंतर, आणि वारा तोवर पडलेला असतो. कोयनेचे १,९६० मेगावॅट मात्र हवे तेव्हा सुरू करता येतात. संध्याकाळसाठी याहून चांगला सोबती नाही. पण कृष्णा लवादाने पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा घातलेली आहे, आणि पूर्वेकडच्या शेतीची तहान दरवर्षी वाढते आहे. घाटघरला आहे तसे उदंचन, म्हणजे दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवून रात्री खाली सोडणे, ही पुढची वाट. तिथली क्षमता २५० मेगावॅट. गरजेच्या मानाने ओंजळभर.

उरुग्वेचे उदाहरण नेहमी दिले जाते. २००८ च्या ऊर्जा धोरणानंतर दहाएक वर्षांत त्या देशाने जवळपास सगळी वीज अक्षय स्रोतांवर आणली. कौतुक आहेच. पण लोकसंख्या ३५ लाख, नद्यांवरची धरणे आधीच बांधलेली, मागणीची वाढ बेताची. आणि एवढे करूनही त्यांच्या उत्सर्जनातला मोठा वाटा गाईगुरांच्या मिथेनचा. तो पवनचक्कीने कसा घटणार?

मग सौरऊर्जा फुकट गेली का? नाही. हे मला माझ्या दुकानात कळले. वर्षानुवर्षे माझ्याकडे जळालेल्या मोटारी यायच्या त्या बहुतेक रात्रीच्या लाईटीच्या. आठवड्यातून काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची. बारा वाजता विंचू-सापाच्या भीतीत शेतकरी पंप चालू करून यायचा, पहाटे व्होल्टेज पडायचे, वाइंडिंग जळायचे. राज्यात सुमारे ४५ लाख कृषिपंप आहेत. त्यांची रात्रीची वीज म्हणजे जवळजवळ निव्वळ कोळसा. आता फीडर सौर प्रकल्पांना जोडून पंप दिवसा चालवण्याचे काम राज्यात चालू आहे. ज्या गावांत ते झाले तिथे रात्रीचा भार दुपारी उन्हाखाली सरकला. इथे मात्र माझे फळ्यावरचे गणित बरेचसे लागू पडते, कारण शेजारी नवा ताटवाला बसलेला नाही; तेच ताट वेगळ्या वेळी वाढले गेले. एक खोट आहे. दिवसा, भरवशाची आणि फुकट वीज मिळाली की विहीर उपसण्याला धरबंध राहत नाही. पाण्याची पातळी शंभर फूट खाली गेली की तेवढेच पाणी काढायला जास्त युनिटे लागतील आणि वाचलेला कार्बन बोअरवेलमधून परत वर येईल. त्या गावांतून जळक्या मोटारी कमी येतात. माझा धंदा बसला, तक्रार नाही.

ग्रिडमधल्या एका युनिटमागचा कार्बन ८०० ग्रॅमवरून आता ७०० च्या थोडा वर आला आहे. दर उतरला, पण युनिटे त्याहून वेगाने वाढली म्हणून बेरीज चढत गेली. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत मात्र वीजक्षेत्राचे उत्सर्जन आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे १ टक्क्याने घटल्याचे विश्लेषण आले. उन्हाळा सौम्य होता, पाऊस लवकर आला, मागणी मंदावली आणि सौरप्रकल्प विक्रमी संख्येने उभे राहिले. यातले शेवटचे कारण पुढच्या कडक उन्हाळ्यात एकट्याने किती भार उचलते ते मला पाहायचे आहे. ते निवृत्त शिक्षक अजून त्याच वाचनालयात पेपर वाचायला येतात. १ टक्क्याची बातमी मी त्यांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, "संध्याकाळी सातचा आकडा आहे का तुमच्याकडे?"