रूप पालटण्याचा क्षण

रायपूरहून बिलासपूरच्या दिशेने निघाले की मनियारी नदीच्या काठी ताला हे गाव आहे. तेथे १९८७-८८ च्या उत्खननात एक विलक्षण शिवमूर्ती मिळाली. तिची मिशी माशांची, हनुवटी खेकड्याची आणि कानांच्या जागी मोर आहेत. मनुष्य आणि प्राणी तेथे एकाच देहात कायमचे नांदतात. त्यांत आधी-नंतर असे काही नाही. ग्रीक कथांत मात्र ते असते. माणूस होता, आता झाड झाला. हे 'होणे' स्थिर चित्रात दाखवावयाचे कसे?

हा प्रश्न अंतोनियो तेंपेस्ता या इटालियन चित्रकारापुढे होता. रोमन कवी ऑव्हिडने ग्रीक कथा घेऊन रचलेल्या पंधरा सर्गांच्या काव्यावर त्याची दीडशे छापचित्रे १६०६ मध्ये अँटवर्पला प्रसिद्ध झाली. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यावयाचा, सुईने त्यात रेषा ओढावयाच्या, मग उघड्या पडलेल्या रेषा आम्लाने खावयाच्या. शाई भरून कागद दाबला की चित्र उमटते, तेही उलटे. रंग नाहीच.

आता डॅफ्नीची कथा घ्या. अपोलो पाठलाग करतो, ती नदीदेव पित्याचा धावा करते आणि लॉरेलचा वृक्ष होते. रंगकाराला गोरी कांती आणि तपकिरी साल वेगळी करावी लागते. छापचित्रकाराची हीच अडचण त्याचे बळ ठरते. दंडाची गोलाई दाखविणारी रेषा थोडी लांबविली की तीच सालीची सुरकुती होते. मांस आणि लाकूड यांच्यात सीमाच उरत नाही.

अ‍ॅक्टिऑनचे प्रकरण अधिक क्रूर आहे. डायनाला स्नान करताना पाहिल्याबद्दल तो हरिण होतो. त्याचे मन माणसाचेच राहते, वाचा तेवढी जाते, आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात. पुरते हरिण काढले तर ते निव्वळ शिकारीचे दृश्य होईल (तशी दृश्ये काढण्यात तेंपेस्ताचा हातखंडा होता!). म्हणून अनेक चित्रकार मस्तक हरिणाचे दाखवितात, पण धड माणसाचे ठेवतात. आत कोणी आहे, हे त्यामुळेच कळते.

आपल्या अहल्येला उःशाप आहे, डॅफ्नीला नाही. अपोलो तिच्या पानांचा मुकुट करून घेतो, एवढेच.

असा पत्रा छापता छापता झिजतो आणि सूक्ष्म रेषा पुसट होतात. त्यामुळे डॅफ्नीच्या बोटांना फुटणारी पाने नीट पाहावयाची, तर आरंभीच्या छापांपैकीच एखादा हाती यावा लागतो.