एलियट, जॉर्ज

(२२ नोव्हेंबर १८१९–२२ डिसेंबर १८८०). श्रेष्ठ इंग्रज कादंबरीकर्त्री. मूळ नाव मेरी ॲन एव्हान्स. जन्म वॉरिकशर परगण्यात ननीटनजवळ. तिचे वडील आर्बरी येथील न्यूडिगेट घराण्याच्या जमीनजुमल्याचे कारभारी होते. जमीनदारांचे वाडे, कुळांची शेते, विणकरांची घरे आणि कोळशाच्या खाणी यांचा तो परिसर पुढे तिच्या अनेक कादंबऱ्यांची पार्श्वभूमी ठरला.

शालेय वयात तिच्या मनावर कडव्या इव्हँजेलिकल धर्मनिष्ठेचे संस्कार झाले. १८४१ मध्ये ती वडिलांसह कॉव्हेंट्री येथे राहावयास गेली. तेथे चार्ल्स ब्रे हा फितींचा कारखानदार व त्याचे मित्र यांच्या सहवासात तिची रूढ श्रद्धा ढळली. १८४२ च्या आरंभी तिने चर्चमध्ये जाण्याचे नाकारले व वडिलांचा रोष ओढवून घेतला. अखेर तडजोड झाली : ती चर्चमध्ये जाऊ लागली, मात्र काय मानावे, हे ठरविण्याचा हक्क तिने स्वतःकडे राखला. श्ट्राउसकृत येशूचरित्र (१८४६) आणि फॉइरबाखचा ख्रिस्ती धर्मविषयक ग्रंथ (१८५४) यांचे तिने जर्मनमधून इंग्रजी अनुवाद केले. वडिलांच्या निधनानंतर लंडनला येऊन तिने ‘वेस्टमिन्स्टर रिव्ह्यू’च्या संपादनाची धुरा वाहिली.

१८५४ पासून ती जॉर्ज हेन्री ल्यूइस या लेखकाबरोबर पत्नीप्रमाणे राहू लागली. ल्यूइस विवाहित होता. पत्नीला अन्य पुरुषापासून झालेल्या मुलास त्याने आपले नाव दिले होते. ही त्याची संमतीच मानली गेल्यामुळे त्याला घटस्फोट मिळणे शक्य नव्हते. समाजाने मात्र दोघांना वेगळा न्याय लावला : ल्यूइसला मेजवान्यांची निमंत्रणे येत राहिली, तिला प्रतिष्ठित घरांची दारे बंद झाली. भाऊ आयझॅक याने १८५७ मध्ये तिच्याशी संबंध तोडले.

ल्यूइसच्याच उत्तेजनाने ती कथालेखनाकडे वळली. टोपणनावातील ‘जॉर्ज’ हे त्याचेच नाव. ‘ॲडम बीड’ (१८५९) ह्या कादंबरीने तिला कीर्ती मिळवून दिली; ‘द मिल ऑन द फ्लॉस’ (१८६०) मध्ये भावाबहिणीच्या दुराव्याचे शल्य उमटले आहे. ‘सायलस मार्नर’ (१८६१), ‘रोमोला’ (१८६३) व ‘डॅन्येल डेरोंडा’ (१८७६) ह्याही तिच्या उल्लेखनीय कादंबऱ्या होत.

‘मिडलमार्च’ (१८७१-७२) ही तिची सर्वश्रेष्ठ कृती. १८३२ च्या संसदीय सुधारणा कायद्यापूर्वीच्या काही वर्षांतील एका प्रांतिक नगराचे जीवन तीत चित्रित झाले आहे. ध्येयवादी डोरोथिया शुष्क पंडिताशी विवाह करून पस्तावते. वैद्यकात सुधारणा घडवू पाहणारा लिडगेट विजोड संसार व कर्ज यांत अडकतो. पेढीवाला बुलस्ट्रोड याचे पूर्वीचे पाप उघडकीस आल्यावर नगर त्याला वाळीत टाकते. पत्नी मात्र त्याची साथ सोडत नाही. लेखिका दोष झाकीत नाही, पण दोषी माणसाला दूरही लोटत नाही. ईश्वरावरील श्रद्धा गेली, तरी माणसाचे माणसाशी असलेले नैतिक बंधन सुटत नाही, ही तिची धारणा. समाजाच्या कठोर निवाड्याचा अनुभव घेतलेल्या लेखिकेच्या या सहानुभूतीला त्यामुळेच वजन प्राप्त झाले आहे.

ल्यूइसच्या मृत्यूनंतर (१८७८) तिने १८८० मध्ये जॉन क्रॉसशी विधिपूर्वक विवाह केला. तेव्हा आयझॅकने अभिनंदनाचे पत्र लिहून तेवीस वर्षांचा अबोला सोडला. त्याच वर्षी लंडन येथे तिचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीत तिला स्थान मिळाले नाही. हायगेट दफनभूमीत ल्यूइसच्या निकट तिचे दफन झाले. ॲबीतील कविकक्षात तिची स्मृतिशिला बसविली गेली, ती १९८० मध्ये.