विठ्ठल उमप : भीमगीत आणि द्रौपदी

शाहीर विठ्ठल उमप यांचा विषय निघाला की आपल्या कार्यकर्त्यांत आणि विद्यार्थ्यांत एक प्रश्न हटकून विचारला जातो. ज्या कलावंताने उभे आयुष्य भीमगीते गायिली, त्याने रंगभूमीवर ‘जांभूळ आख्यान’ का करावे? 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. राम-कृष्णाला देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या शाहिराने पांडवांची आणि कृष्णाची कथा सांगावी, ही विसंगती नव्हे काय?

प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तर नीट शोधले पाहिजे.

उमपांचा जन्म 1931 साली मुंबईतला. त्याच दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी आंबेडकरी जलसा गावोगाव नेत होते. जलशाने तमाशाची चौकट घेतली, गण-गौळणीतला जुना आशय टाकला आणि त्या जागी शिक्षण, संघटन व अस्पृश्यतानिवारण यांचे संवाद उभे केले. ढोलकी तीच राहिली, तिच्यावरचे बोल बदलले. उमप या परंपरेचे वारसदार. विक्रोळी, घाटकोपर, मुलुंडच्या वस्त्यांत 14 एप्रिलला किंवा बुद्धजयंतीला जो मंडप पडतो, तो त्यांचा पहिला रंगमंच. आकाशवाणी, दूरदर्शन, नाट्यगृह आणि चित्रपट हे सारे त्यानंतरचे.

पोवाडा, भारूड, गोंधळ, लावणी, कव्वाली या सर्व प्रकारांवर त्यांची हुकमत होती. ‘जांभूळ आख्यान’मध्ये कर्णाविषयी मनात उपजलेली ओढ द्रौपदीला सर्वांसमोर कबूल करावी लागते. साठी उलटलेला हा पुरुष आवाजाच्या आणि मानेच्या एका वळणाने द्रौपदी होई, आणि प्रेक्षक त्याचे वय विसरत. धर्मग्रंथांनी पतिव्रतेच्या चौकटीत बसवलेल्या स्त्रीला लोकपरंपरेने मन दिले. ते मन उमपांनी रंगमंचावर बोलके केले. यात भक्ती किती आणि माणसाचा शोध किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गावगाड्यात गाणे-वाजवणे हे अनेक जातींच्या माथी मारलेले काम होते. जत्रेत गायचे, नाचायचे आणि पसाभर धान्यासाठी हात पसरायचा. धर्मांतराने ती लाचारी नाकारली, हे योग्यच झाले. परंतु लाचारी टाकताना पिढ्यान्‌पिढ्या घोटलेले कसबही टाकावे काय? उमपांनी ते टाकले नाही. देवाच्या दारातली कला त्यांनी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांपुढे नेली. तिथे नट भक्त नसतो आणि बलुतेदारही नसतो. स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या मोलाने तो उभा राहतो. मला हे बाबासाहेबांनी शिकवलेल्या स्वाभिमानाशी सुसंगत वाटते.

एक हिशेब मात्र उरतो. अभिजन समीक्षेने उमपांची द्रौपदी डोक्यावर घेतली. त्यांच्या भीमगीतांना ‘प्रचार’ म्हणून बाजूला सारणे तिला सोयीचे होते. वस्तीतल्या मंडपात भीमगीते ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्याला ही वाटणी मान्य होणे शक्य नाही. द्रौपदीचा आवाज ज्या गळ्यातून आला, तो गळा त्या मंडपांतच घडला होता. ‘टिंग्या’ (2008) या चित्रपटात दिसणारा वृद्ध नटही तिथूनच आलेला आहे.

नोव्हेंबर 2010मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर ‘लॉर्ड बुद्धा’ या दूरचित्रवाणी वाहिनीच्या उद्‌घाटनाच्या कार्यक्रमातच उमप कोसळले आणि त्यांचे निधन झाले. शेवटचा रंगमंचही समाजाचाच ठरला.

कर्डकांच्या जलशाचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. उमपांचा आवाज ध्वनिमुद्रित झालेला आहे. नाट्यशास्त्र आणि मराठी शिकवणाऱ्यांनी भीमगीत व आख्यान एकाच तासाला, एकाच कलावंताची निर्मिती म्हणून विद्यार्थ्यांना ऐकवावे. प्रश्न त्यांनाही पडेल. तो त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकून सोडवावा.