बाळंतवेणा : सोसणे आणि शमविणे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा बोनस, ग्रॅच्युइटी किंवा किमान वेतन यांपैकी काहीतरी निघेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही 'बाळंतवेणा' म्हटल्यावर एक सभासद हसले आणि दुसरे खाली पाहू लागले. हमाल आणि जिनिंग कामगारांत आयुष्य घालविलेल्या पुरुषाला या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न दोघांच्याही चेहऱ्यावर होता. त्याचे उत्तर आधी देतो.

तीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरची पहिली खेप होती. ढाणकीहून दूर, एका शहरातल्या दवाखान्यात आम्ही बाईंना घेऊन गेलो. आत नेले त्या दारावर 'लेबर रूम' अशी पाटी होती. शाळा सातवीत सुटलेली, इंग्रजी तुटपुंजे, आणि युनियनचे काम नुकते अंगावर घेतलेले. आम्हांला क्षणभर वाटले, ही कामगारांची खोली! पुढे कळले की इंग्रजीत श्रमाला आणि बाळंतवेणांना 'लेबर' हा एकच शब्द आहे. शब्द बरोबर आहे. त्या दाराआड जे चालते त्याहून कष्टाचे काम कोणत्याही जिनमध्ये होत नाही.

त्या रात्री सासूबाईंना आत सोडले नाही. आम्ही व्हरांड्यात बसून होतो. आतून ओरडणे ऐकू येत होते, आणि त्याहून मोठ्या आवाजात कोणीतरी रागावत होते. एका मजुराचा अर्धा रोज कापला म्हणून जिन बंद पाडणारे आम्ही. पण ते दार ठोठावण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. सकाळी मुलगी झाली. बाई कळांबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "तहान लागली होती. पाणी मागितलं, पण कोणी देलं नाही."

दोन वर्षांपूर्वी त्याच मुलीचे दिवस भरत आले. तिने विचारले, "बाबा, कळा कमी करायचं इंजेक्शन असतं म्हणतात. ते आपल्याकडे मिळतं का?" आम्हांला उत्तर देता आले नाही. म्हणून पुस्तके उघडली, डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आशाताईंना विचारीत फिरलो. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो. आम्ही वैद्य नव्हे. कोणत्या बाईला काय द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावयाचे. परंतु कोणकोणत्या गोष्टी असतात हे ठाऊक असल्याशिवाय मागणार तरी काय?

प्रथम, या कळा येतात कशाने? गर्भपिशवी ही स्नायूंची थैली आहे आणि तिचे तोंड नाडीने आवळल्यासारखे बंद असते. दिवस भरले की थैली आकुंचन पावू लागते. दर आकुंचनागणिक ते तोंड थोडेथोडे उघडते, आणि सुमारे १० सेंटिमीटर उघडेपर्यंत मूल बाहेर येऊ शकत नाही. पहिल्या खेपेला यास बारा तास किंवा त्याहून अधिक लागणे नवलाचे नाही. या टप्प्यातील वेदना पोटात आणि कमरेत जाणवते. तिचे निरोप पाठीच्या खालच्या भागातील मज्जातंतूंतून मेंदूकडे जातात. दुसऱ्या टप्प्यात मूल खाली सरकते. तेव्हा ताण योनिमार्गावर येतो आणि त्याचे निरोप अधिक खालच्या, माकडहाडाजवळच्या तंतूंतून जातात. म्हणजे वेदनेचे मार्ग ठरलेले आहेत. मार्ग ठाऊक असला की तो अडविता येतो.

आणखी एक गोष्ट. कोपर आपटले की आपण ते चोळतो आणि बरे वाटते. असे का होते, हे मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडले. पाठीच्या कण्यात वेदनेच्या निरोपांना जणू एक फाटक असते. चोळणे, दाबणे, ऊब यांचे निरोप आले की ते काही अंशी बंद होते. भीतीने आणि एकटेपणाने ते अधिक उघडते. आमच्या सुइणी शतकानुशतके कंबर चोळीत आल्या, त्यात हे शास्त्र होते.

औषधाने कळा शमविण्याचा इतिहास पावणेदोनशे वर्षांचा आहे. एडिंबरोच्या डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ च्या जानेवारीत प्रसूतीसाठी ईथर वापरले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म. लगेच काहूर उठले. ईश्वराने स्त्रीला दिलेली वेदना माणसाने काढून घेऊ नये, असे काही धार्मिक लोक म्हणाले. वेदना ही निसर्गाची योजना आहे, असे कित्येक डॉक्टरही म्हणाले. पुढे ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला. डॉ. जॉन स्नो यांनी रुमालावर थोडाथोडा टाकून तो ५३ मिनिटे हुंगविला. कॉलरा पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये दाखवून देणारे स्नो ते हेच. राणीने घेतल्यावर विरोधाचा जोर ओसरला. जे महाराणीला चालते ते मोलकरणीला का चालू नये, हा प्रश्न मात्र बाकी राहिला, आणि तो अजून सुटलेला नाही.

क्लोरोफॉर्म निर्धोक नव्हता. त्याने माणसे दगावत. तो आधी श्वास थांबवितो की हृदय, याचा निकाल लावण्यासाठी १८८८ आणि १८८९ साली दोन आयोग नेमले गेले, तेही पैनगंगेपलीकडे निजामाच्या राज्यात, हैदराबादेस. धोका श्वासाला आहे, असा आयोगाचा निष्कर्ष निघाला. हृदयही एकाएकी बंद पडू शकते, हे विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध झाले. त्याच काळात हैदराबादेत डॉ. रूपाबाई फर्दूनजी क्लोरोफॉर्मची भूल देत. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. म्हणजे ही विद्या आपल्या शेजारी सव्वाशे वर्षांपूर्वीच येऊन पोहोचली होती.

आता आमच्या जिव्हाळ्याची हकीकत. पॅरिसमध्ये धातुकामगारांच्या युनियनचे स्वतःचे प्रसूतिगृह होते. ते १९४७ साली उघडले. तेथील डॉ. फेर्नां लामाझ १९५१ साली सोव्हिएत रशियात गेले. पूर्वतयारी केलेली एक बाई औषधाशिवाय, शांतपणे बाळंत होताना त्यांनी पाहिली. परत आल्यावर, १९५२ पासून, त्यांनी कामगारांच्या बायकांसाठी वर्ग सुरू केले. शरीरात काय घडणार हे चित्रे काढून समजावयाचे, कळ आली की श्वास कसा घ्यावयाचा हे शिकवायचे, आणि प्रसूतीच्या वेळी शिकविणारी बाई शेजारी उभी ठेवायची. पुढे १९५६ साली पोपनेही, वेदनारहित प्रसूतीत धर्मविरोधी काही नाही, असे जाहीर केले. 'लामाझ पद्धत' आज श्रीमंतांच्या दवाखान्यांत पैसे मोजून शिकवितात. ती कामगारांच्या वर्गणीतून उभ्या राहिलेल्या प्रसूतिगृहातून जगभर गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या पद्धतीने वेदना नाहीशी होते असे नव्हे. भीती कमी होते आणि वेदना पेलता येते.

आज उपलब्ध असलेले उपाय आम्ही शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे मांडतो.

पहिली पायरी बिनखर्चाची. जवळ विश्वासाची एक बाई सतत असणे, कंबर चोळणे, शेक, उताणे पडून न राहता चालणे-फिरणे किंवा कुशीवर होणे, डॉक्टरांची मनाई नसल्यास पाणी पिणे, आणि गोड शब्द. हे किरकोळ वाटेल. परंतु १७ देशांतील १५ हजारांहून अधिक बायकांवर झालेले २६ अभ्यास २०१७ साली एकत्र तपासले गेले. सतत सोबत मिळालेल्या बायकांची सुटका थोडी लवकर होते, सिझेरियन कमी लागते आणि वेदनाशामक औषधेही कमी लागतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दुसरी पायरी वायूची. नायट्रस ऑक्साइड आणि ऑक्सिजन यांचे समभाग मिश्रण बाईने मुखवट्यातून स्वतः ओढावयाचे. हे मिश्रण एका नळकांड्यात भरण्याची रीत १९६१ साली निघाली. कळ सुरू होताच ओढले तर पाऊणएक मिनिटात असर होतो, आणि थांबविले की थोड्याच वेळात तो उतरतो. मुखवटा बाईच्याच हाती असल्याने गुंगी फार झाली तर तो आपोआप गळून पडतो. चक्कर आणि मळमळ होऊ शकते. वेदना पुरती जात नाही. इंग्लंडात सुइणी हा वायू रोज वापरतात. आपल्याकडे तो क्वचितच दिसतो.

तिसरी पायरी पेथिडिन, ट्रॅमाडॉल यांसारख्या इंजेक्शनांची. यांनी वेदनेची धार बोथट होते, झोप येते, उलटीही होते. मूल जन्मण्याच्या थोडेच आधी दिल्यास त्याचा श्वास मंदावू शकतो. म्हणून वेळ पाहून आणि देखरेखीखालीच ती द्यावी लागतात.

चौथी पायरी 'एपिड्युरल', म्हणजे पाठीतील बारीक नळी. कंबरेच्या मणक्यांमध्ये, मज्जारज्जू संपतो त्याच्या खालच्या बाजूस, सुईने एक नळी बसवितात आणि तीतून बधिर करणारे सौम्य औषध सोडतात. पंधरा-वीस मिनिटांत कळांची वेदना उतरते. बाई पूर्ण शुद्धीवर असते आणि मूल जन्मताना पाहते. सर्वांत परिणामकारक उपाय हाच. याचे उणेही सांगितले पाहिजे. रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, जोर देण्याचा टप्पा लांबू शकतो, आणि शंभरात सुमारे एकीला नंतर काही दिवस तीव्र डोकेदुखी होते. रक्त गोठण्यात दोष असेल तर हा उपाय करता येत नाही. भूलतज्ज्ञ हजर असावा लागतो आणि आईवर व बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवणारे माणूस लागते.

"पाठीत इंजेक्शन घेतलं की जन्माची कंबर जाते" असे घरोघरी ऐकू येते. सुई टोचल्या जागी काही दिवस दुखते, हे खरे. परंतु एपिड्युरल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली असता दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. सिझेरियनचे प्रमाणही त्याने वाढत नाही. उलट, कळांच्या भीतीनेच काहीजणी सिझेरियन मागतात. महाराष्ट्रात २०१९ ते २०२१ च्या पाहणीत चारांतील एक प्रसूती सिझेरियनने झालेली आढळली. त्यातली काही पोटे वेदनाशमनाच्या सोयीने वाचली असती, असे आम्हांला वाटते.

"आमच्या आयांनी सोसले, मग यांना काय झाले?" हा प्रश्न आम्ही पुष्कळ ऐकतो, आणि बहुधा पुरुषांच्या तोंडून. आयांनी सोसले, कारण त्यांना कोणी विचारले नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत ६५० बायका तपासल्या आणि १९८९ साली निष्कर्ष छापले. त्यांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते; त्याआधी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. गप्प राहणे म्हणजे दुखणे नसणे नव्हे, हे त्या आकड्यांत आहे. काही बायका मात्र औषधाविना बाळंत होणेच पसंत करतात. तोही त्यांचाच अधिकार. सोसावे की शमवावे, हे जिच्या पोटात कळ उठते तिने ठरवावे.

राहिला प्रश्न सोयीचा. त्याच पाहणीप्रमाणे महाराष्ट्रातील सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात. बाईला घरातून दवाखान्यात आणण्याचे काम झाले. पण घरी जी सोबत होती ती दाराबाहेर राहिली. सरकारने २०१६ साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवण्यास मान्यता दिली, आणि २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सन्मानाने वागविण्याची गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सोबत, मोकळी हालचाल, आणि मागेल त्या निरोगी बाईस एपिड्युरल यांची शिफारस केली. कागद आपल्या बाजूचा आहे. कागद अंमलात कसा येतो, हे कामगारांना सांगावयास नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असून तिचा भार मुख्यत्वे सरकारने उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. विश्रांतीबद्दल जे खरे, ते वेदनेबद्दल खरे का नसावे? मोठ्या शहरात पैसे भरणाऱ्या बाईस पाठीतील नळी मिळते. कापूस वेचणाऱ्या बाईस तिचे नावही ठाऊक नसते. ती प्रत्येक प्राथमिक केंद्रात मिळावी असे आम्ही म्हणत नाही. भूलतज्ज्ञाविना ती देणे घातक ठरेल. परंतु ज्या मोठ्या रुग्णालयांकडे आपल्या बायका पाठविल्या जातात, तेथे रात्रीही भूलतज्ज्ञ हवा, ही मागणी रास्त आहे. तो अडलेल्या बाईच्या सिझेरियनलाही लागतोच. पहिल्या पायरीला तर काहीच लागत नाही.

आमच्या मुलीला पाठीतील नळी मिळाली नाही. मात्र नाव नोंदवितानाच आम्ही तीन गोष्टी विचारल्या. सोबत कोण राहू शकेल? चालू-फिरू, पाणी पिऊ द्याल का? वेदना असह्य झाली तर तुमच्याकडे काय आहे? डॉक्टरीणबाईंनी राग न मानता तिन्हींची उत्तरे दिली. त्या रात्री मुलीची आई आत होती, कंबर चोळीत होती, घोटघोट पाणी पाजीत होती. कळा होत्याच, मुलगी ओरडलीही. पण तिच्यावर कोणी ओरडले नाही.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी दिवस भरत आले आहेत, त्यांनी हे तीन प्रश्न लिहून घ्यावेत आणि कळा सुरू होण्यापूर्वी विचारावेत. एकाने विचारले तर उत्तर टाळता येते. गावाने विचारले तर द्यावे लागते. युनियनच्या कामात आम्ही एवढे निश्चित शिकलो आहोत.